गरम कार्बोरेटर आणि उतू जाणारं पेट्रोल



हमसीनचे दिवस आले की जुन्या मोटारसायकली रुसतात. गाडी मजेत चालत असते, मालक दुकानापाशी दहा मिनिटं थांबतो, परत येऊन किक मारतो, पण गाडी काही केल्या सुरू होत नाही. पेट्रोलचा वास मात्र येत राहतो. मग कोणी म्हणतो प्लग गेला, कोणी म्हणतो इंजिनच संपलं, आता भंगारात द्या. जरा थांबा! पुष्कळदा इंजिन ठणठणीत असतं, नुसता कार्बोरेटर तापलेला असतो.

आधी आमच्या बाळगोपाळांसाठी थोडं सांगतो. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण कार्बोरेटरमध्ये तयार होतं. त्याच्या तळाशी एक लहान वाटी असते, तिला फ्लोट चेंबर म्हणतात. टाकीतलं पेट्रोल आपल्याच वजनाने उतरून तिच्यात साठतं. पाणी उकळायला 100 अंश लागतात, पण पेट्रोलमधला हलका भाग 35-40 अंशांच्या आसपासच उकळू लागतो. गाडी चालू असताना वाऱ्याने आणि आत जाणाऱ्या ताज्या पेट्रोलने कार्बोरेटर थंड राहतो. पेट्रोलची वाफ होतानाही तो थंड होतो, जसं माठातलं पाणी थंड होतं तसंच. गाडी थांबली की हे सगळं बंद पडतं. सिलिंडर मात्र धगधगत असतो. ती धग हळूहळू कार्बोरेटरमध्ये उतरते, म्हणून चालताना तापत नाही इतका तो थांबल्यावर तापतो! वाटीतलं पेट्रोल दुधासारखं उतू जातं, नको तेवढं इंजिनात शिरतं आणि इंजिन गुदमरतं. फार वेळ उकळलं तर वाटीच रिकामी होते.

आता मोठ्यांसाठी उपाय.

पहिला उपाय म्हणजे कार्बोरेटर आणि सिलिंडर हेड यांच्यामधली बेकेलाइटची जाड चकती. जुन्या पुष्कळ गाड्यांत ती असते. तव्याच्या लाकडी मुठीचं जे काम, तेच हिचं. दुरुस्तीच्या वेळी कोणी ती फालतू समजून काढून टाकली, तर धग सरळ कार्बोरेटरला पोचते. गाडी मुसाखातून घरी आणल्यावर ती जागेवर आहे ना, हे बघून घ्या. नट बेताने आवळा. जास्त आवळले तर कार्बोरेटरची कड वाकते, फटीतून हवा शिरते, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन आणखीच तापतं.

दुसरं, पेट्रोलची नळी सिलिंडरला टेकू देऊ नका. नळीला वर उचललेला वळसाही नको, तिथे वाफ अडकून बसते. सिलिंडरच्या पात्यांवर बसलेला तेल-मातीचा थर खरवडून काढा. इग्निशनचं टायमिंग मागे पडलं असेल तर तेही नीट लावून घ्या, त्यानेही इंजिन तापतं.

तिसरं, थांबण्याची रीत. शेवटचा किलोमीटर सावकाश चालवा. गाडी सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी लावा आणि पेट्रोलचा कॉक बंद करा. इंजिन उभ्या उभ्या चालू ठेवून थंड होईल असं समजू नका, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वारा लागतो. मृत समुद्राच्या काठाहून अराडला चढायचं म्हणजे जवळजवळ हजार मीटरचा चढ. तो पहाटे चढा, खालच्या गिअरमध्ये, इंजिनाला न रडवता. वर पोचल्यावर लगेच थांबू नका, सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर हलकेच चालवा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. थंडीत गाडी चटकन सुरू व्हावी म्हणून अनेक देशांत हिवाळ्याचं पेट्रोल जास्त हलकं बनवतात. ते टाकीत उरलं असेल आणि पेसाखच्या सुमारास हमसीन सुटला, तर ते लवकर उकळतं. म्हणून उन्हाळा लागताना टाकीत ताजं पेट्रोल भरा.

एवढं करूनही गाडी अडली तर? चोक मुळीच ओढू नका, आधीच पेट्रोल जास्त झालेलं असतं. वीस-तीस मिनिटं थांबा. कार्बोरेटरच्या वाटीवर ओलं फडकं ठेवलं तरी चालेल, पण तापलेल्या सिलिंडरवर पाणी ओतू नका, तडा जाईल. मग थ्रॉटल पूर्ण उघडून किक मारा. तरीही सुरू होत नसेल तर टाकीचं झाकण उघडून पाहा. सुस्स असा आवाज आला तर झाकणाचं भोक बुजलेलं आहे, दोष उष्णतेचा नाही. आणि गरम इंजिनावर कार्बोरेटर कधीही उघडू नका. पेट्रोलची वाफ दिसत नाही, पण एका ठिणगीने पेट घेते. घाईपायी हात-तोंड भाजून घेण्यापेक्षा अर्धा तास सावलीत बसलेलं बरं. नेगेवात निघताना पिण्याचं पाणी जवळ हवंच.

हे सगळं आता का लिहिलं? भारतात 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 नियम लागू झाले, बुलेटचाही कार्बोरेटर गेला आणि फ्युएल इंजेक्शन आलं. नव्या मेकॅनिकांच्या हाताला कार्बोरेटर फारसा लागतच नाही. मुंबईत, अलिबागेत ज्यांनी उमेदीची वर्षं बुलेट नाहीतर येझ्दी चालवली, त्यांच्याच हातात ही विद्या उरली आहे. तर मुलांनो, या आठवड्यात आजोबांना जुन्या गाडीपाशी घेऊन जा. इंजिन थंड असताना ती बेकेलाइटची चकती कुठे आहे ते त्यांना विचारा, आणि गाडी बंद केल्यावर कॉक बंद करायचं काम आजपासून तुमचं.

पुढच्या अंकात भेटूच.