मुदपाकखान्यानंतरची वाट

इंदूरच्या लालबाग राजवाड्याचा स्वयंपाक राजवाड्यात होत नसे. मुदपाकखाना होता खान नदीच्या पलीकडच्या तीरावर, आणि तिथून ताटे भुयारी वाटेने अलीकडे, भोजनाच्या दालनांपर्यंत येत. 1886 ते 1921 अशी पस्तीस वर्षे, होळकरांच्या तीन पिढ्यांच्या काळात ही वास्तू उभी राहत गेली. आज तिथे जाणारा माणूस बकिंगहॅम पॅलेसच्या धर्तीवरची फाटके बघतो, नाचघर बघतो, छतावरची चित्रे बघतो. पलीकडच्या चुलींपाशी कोण उभे असे आणि संस्थान गेल्यावर त्या माणसांनी काय केले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही.

तो विचारायला हवा, कारण आजही अनेक अनुभवी आचाऱ्यांपुढे तोच उभा आहे. पंधरा-वीस वर्षे हॉटेलच्या स्वयंपाकघरात काढली, हाताला चव आली, दहा माणसे हाताखाली आली. पण रोज तीच ग्रेव्ही, तेच पनीर. नवे काही करायची उमेद आहे, आणि घरचे म्हणतात, आता या वयात दुसरे काय करणार?

इतिहासात या प्रश्नाची उत्तरे आहेत. मराठेशाहीत मुदपाकखाना हा अठरा कारखान्यांपैकी एक होता, म्हणजे स्वयंपाकी राज्याचा चाकर होता. राज्य आहे तोवर पोटाची चिंता नाही. 1948 मध्ये इंदूर संस्थान मध्य भारतात विलीन झाले, 1971 मध्ये राजेरजवाड्यांचे तनखे बंद झाले आणि देशभरच्या असल्या स्वयंपाकघरांचा आधार संपला. याआधी फ्रान्समध्ये हेच घडले होते. 1789 च्या क्रांतीनंतर सरदार देशोधडीला लागले, तेव्हा मेओसारख्या त्यांच्या आचाऱ्यांनी पॅरिसमध्ये उपाहारगृहे उघडली. जे एका घराण्याच्या पंगतीत वाढले जाई ते पैसे मोजणाऱ्या कोणाच्याही ताटात येऊ लागले. दिल्लीतले जामा मशिदीजवळचे करीम हॉटेल 1913 चे. मुघल दरबारात स्वयंपाक करणाऱ्या घराण्यातला वारस ते चालवू लागला. मालक गेला तरी हात बेकार होत नाही, हे इथे दिसते. पण ही उदाहरणे सगळी उपाहारगृहाकडेच जातात, आणि वाट तेवढी एकच नाही.

मला जास्त मोलाचा वाटतो तो आलेक्सी सोये. 1810 मध्ये फ्रान्समध्ये जन्मलेला हा आचारी 1830 च्या उठावानंतर इंग्लंडला गेला आणि लंडनच्या रिफॉर्म क्लबचा मुख्य आचारी झाला. क्लबचे स्वयंपाकघर त्याने गॅसवर चालवून दाखवले. आयर्लंड दुष्काळात होरपळत होता, तेव्हा 1847 मध्ये डब्लिनमध्ये त्याने हजारोंना सूप पुरवणारे अन्नछत्र आखले. नोकरी सोडून 1851 च्या लंडनच्या प्रदर्शनाच्या वेळी भव्य भोजनगृह काढले, त्यात जबर तोटा सोसला. तरी थांबला नाही. 1855 मध्ये स्वतःहून क्रिमियाच्या युद्धभूमीवर गेला, फ्लॉरेन्स नाइटिंगेल काम करत होती त्या इस्पितळांचा स्वयंपाक सुधारला आणि कमी सरपणात सैनिकांचे जेवण शिजवणारी शेगडी तयार केली. ती शेगडी ब्रिटिश सैन्यात शंभर वर्षांहून अधिक काळ वापरात राहिली. 1858 मध्ये अठ्ठेचाळिसाव्या वर्षी तो गेला. एवढ्या आयुष्यात क्लब, दुष्काळ, धंदा, इस्पितळ, युद्ध, पुस्तके! यातल्या प्रत्येक कामात त्याला एकच विद्या उपयोगी पडली: किती माणसे, किती साहित्य, किती वेळ आणि किती आच, याचा अचूक अंदाज.

हा अंदाज आपल्या इंदुरातही रोज पाहायला मिळतो. सकाळी पोह्यांच्या ठेल्यापाशी उभे राहा. फोडणी घालून तयार केलेले पोहे मोठ्या परातीत, परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर. खालून येणाऱ्या वाफेने पोहे तासन्‌तास मऊ आणि गरम राहतात, चिकट होत नाहीत, कोरडेही पडत नाहीत. वरून शेव, कांदा, जिरावण, आणि शेजारी जिलबी. भुट्ट्याच्या किसाचेही तसेच. कोवळा मका आणि जून मका दुधात वेगवेगळा वागतो, तुपात किती परतायचा हे कणसावर ठरते. पुस्तकात लिहिलेले मिनिट तिथे चालत नाही. रात्री सराफ्यात दागिन्यांची दुकाने बंद झाल्यावर ओट्यांवर जी दुकाने लागतात, तिथे अशी विद्या किती तरी हातांत आहे.

विद्या असते, नोंद नसते. माळव्यातल्याच सैलाना संस्थानचे राजघराणे स्वयंपाकाचे शौकीन होते, त्यांनी पाककृती लिहून ठेवल्या आणि 1982 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. चांगलेच झाले. पण राजाने लिहिले म्हणून ते टिकले. आचाऱ्याने स्वतः लिहून ठेवण्याची रीत आपण कधी पाडली नाही, आणि म्हणून त्याच्या अनुभवाला बाजारात भाव ठरत नाही.

आज तो भाव मिळण्याच्या जागा आहेत. नवी हॉटेले सुरू करून देणारे आचारी तीन-चार महिने एका शहरात राहतात, मेनू बांधतात, माणसे तयार करतात आणि पुढच्या शहरात जातात. ज्याला सारखा बदल हवा त्याच्यासाठी याहून चांगले काम मला दिसत नाही. इंदूरच्या नमकीन कारखान्यांना चव घाऊक प्रमाणात एकसारखी ठेवणारा माणूस लागतो. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक हवा. तिथे प्रशिक्षक म्हणून अनुभवी आचारी का नको? इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीला 2019 मध्ये स्वच्छ खाद्यकेंद्राचा मान मिळाला, तो टिकवायचा तर असे शिक्षक लागणारच. उलट, साठवलेले सगळे पैसे घालून स्वतःचे हॉटेल काढणे, हा जो सल्ला सर्रास दिला जातो तो मला धोक्याचा वाटतो. गल्ल्यावर बसलेला आचारी स्वयंपाक विसरतो, आणि भाडे थकले की दोन्ही जातात.

अडचण प्रमाणपत्राची आहे. ज्याने कॅटरिंग कॉलेज पाहिले नाही, त्याची वीस वर्षे कागदावर शून्य धरली जातात. आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय सरकारी कौशल्य योजनेत आहे, पण ठेल्यावरच्या माणसापर्यंत ती पोहोचवायला कोणी तरी हवे. लालबागच्या मैदानावर दरवर्षी माळवा उत्सव भरतो, खाण्याच्या ठेल्यांवर गर्दी लोटते. इंदूरच्या मराठी संस्थांनी आणि महापालिकेने पुढच्या उत्सवात एक मांडव या कामासाठी राखावा: तिथे आचाऱ्यांची परीक्षा व्हावी, प्रमाणपत्रे द्यावीत, त्यांच्या पाककृती त्यांच्याच नावाने लिहून घ्याव्यात.