झूम भिंगाची निवड

मिररलेस कॅमेऱ्यासाठी झूम भिंग घेताना पालक बहुधा ते किती लांबचे दाखविते एवढेच पाहतात. आमच्या मते ते उजेड किती घेते, हे आधी पाहावे. एफ/५.६ ऐवजी एफ/२.८ असल्यास चौपट उजेड मिळतो. शाळेच्या नाटकात मंद दिव्यांतही मुले पुसट होत नाहीत. टॅमरॉनचे १७-७० मिलिमीटर भिंग ५२५ ग्रॅम, तर सिग्माचे १८-५० सुमारे २९० ग्रॅम भरते, दोन्ही एफ/२.८. पहिल्यात हाताचा कंप सावरण्याची सोय आहे, दुसऱ्यात नाही. परंतु त्या सोयीने धावते मूल थोडेच स्थिर होते! कासच्या पठारावर फुलांपाशी वाकावयाचे असो, वा सांगलीच्या आयर्विन पुलावर सायंकाळी उभे राहावयाचे असो, आम्ही हलके भिंगच पसंत करू. जड भिंग कपाटातच राहते. ही दोन्ही ए.पी.एस.-सी. संवेदकासाठी आहेत, आपला कॅमेरा त्याच जातीचा आहे ना, हे दुकानदारास अवश्य विचारावे.