समुद्रासमोर घर बांधताय? मग कमी बांधा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत जागा घेऊन साधंसुधं, आधुनिक घर बांधायचं अनेकांच्या मनात असतं. अशा सगळ्यांना कळकळीची विनंती आहे : आवडलेली चित्रं घटकाभर बाजूला ठेवा आणि आपला समुद्र कुठल्या दिशेला आहे ते आधी पाहा.

कोकणात समुद्र पश्चिमेला. देखावा तिकडे, दुपारचं कलतं ऊन तिकडून आणि जून उजाडला की पावसाची झडही तिकडूनच. त्याच बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच लावली की चार वाजता खोलीची भट्टी होते आणि पावसाळ्यात चौकटीतून पाणी झिरपतं. एसी आणि डागडुजीवर चालणाऱ्या घराला साधं कसं म्हणायचं?

त्यापेक्षा समुद्राकडे आठ-दहा फुटांची पडवी काढा. छप्पर उतरतं ठेवा, वळचण चांगली लांब घ्या. भिंती चिऱ्याच्या, खिडक्या समोरासमोर, म्हणजे वारा आरपार खेळेल. खोल्या मोजक्याच, पण ऐसपैस. बसायला बांधीव कट्टे असले की निम्मं फर्निचर लागतच नाही.

खाऱ्या वाऱ्यापुढे लोखंड टिकत नाही. सळई गंजली की फुगते आणि काँक्रीट आतून फोडते. म्हणून किनाऱ्यावर उघड्या राहणाऱ्या आरसीसी कामासाठी आयएस ४५६ या मानकात किमान एम ३० काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर (म्हणजे काँक्रीटचा थर) सांगितलं आहे. स्लॅब ओतण्याआधी कव्हर ब्लॉक स्वतः मोजून घ्या. पुळणीवरची वाळू आणि खारं पाणी बांधकामात अजिबात नको. छप्पर भिंतीशी पक्कं जखडा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगड-रत्नागिरीत किती घरांवरचे पत्रे उडाले, ते आपण पाहिलं आहे.

आणि मागे सरका. २०१९ च्या सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचनेत विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटर, तर दाट वस्तीच्या ग्रामीण भागात ५० मीटर ना-विकास क्षेत्र आहे. तुमच्या गावाला काय लागू आहे, ते व्यवहाराआधी तपासा. पुळणीवरची मर्यादवेल आणि केवडा उपटून लॉन करू नका, वाळू तेच धरून ठेवतात. समुद्राकडचे प्रखर दिवे टाळा. वेळास, आंजर्ल्यासारख्या किनाऱ्यांवर अंड्यांतून निघालेली कासवाची पिल्लं उजेडाकडे वळतात आणि पाण्याची वाट चुकतात.

आराखड्यावर सही करण्याआधी जुलैतल्या अमावास्येच्या भरतीला जागेवर जा. पाणी कुठवर चढतं ते गावातल्या कोळ्यांना विचारा, मे महिन्यात विहीर मचूळ होते का तेही विचारा. मग आराखडा पुढ्यात घ्या आणि नसलं तरी चालेल ते एकेक खोडत जा. जे बांधलंच नाही, त्याला गंज चढत नाही.