पाहुणघरातील प्रतिरूप
चार्ली मॅकडॉवेल दिग्दर्शित ‘द वन आय लव्ह’ (२०१४) हा अल्प खर्चात, मोजक्या पात्रांत साकारलेला अमेरिकी चित्रपट. मने दुरावलेले ईथन आणि सोफी समुपदेशकाच्या सल्ल्याने एका निवांत वास्तूत राहावयास जातात. तेथील पाहुणघरात एकट्याने शिरणाऱ्यास जोडीदाराचे अधिक प्रेमळ प्रतिरूप भेटते. सोफी त्यात गुंतते. ईथनला जणू स्वतःचाच मत्सर वाटू लागतो. विनोदाआडचा प्रश्न गंभीर आहे : आपले प्रेम माणसावर असते, की आपल्या अपेक्षेवर? अनेकान्ताचा वारसा सांगणारे आपण घरात मात्र एकाच बाजूने पाहतो. पेढीवरचे बुडीत येणे सोडून देणारा व्यापारी संसारातील चुका वर्षानुवर्षे खतावणीत पुढे ओढतो. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ प्रथम जोडीदारास म्हणावे, तेही मनापासून.