उरलेले सात डोस कोण मोजणार?

वाडीत लसीकरणाचा विषय निघाला की आया सांगतात, "गोवराची लस झाली, आता काही राहिलं नाही." राहिलेलं असतं. जीवनसत्त्व 'अ'चा पहिला डोस नवव्या महिन्यात गोवराच्या लसीबरोबर, १ मिलि. दुसरा १६ ते १८ महिन्यांत, २ मिलि. मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत. एकूण ९. पहिले दोन सुईबरोबर असल्यामुळे मिळून जातात. पुढच्या सातांना सुई नाही, म्हणून आठवणही नाही.

बालकांचे अंधत्व टाळण्यासाठी हा कार्यक्रम देशात १९७० पासून आहे आणि डोस फुकट आहे. तरी आपल्याकडे तो हुकतो, कारण घर रत्नागिरीत आणि पोट मुंबईत. मूल शिमग्याला गावी, जूनमध्ये पुन्हा चाळीत, आणि कार्ड गावच्या पेटीत. इथल्या आशाताईंना वाटते मुंबईत दिला असेल, तिथल्यांना वाटते गावी. माझे स्पष्ट मत आहे की कार्ड मुलाबरोबर फिरले पाहिजे, आणि ते सांभाळणे एकट्या आईचे काम नव्हे. वर्षावासात आपण विहारात जमतोच. ग्रंथवाचन झाले की महिला मंडळाने पाच वर्षांखालील मुलांची कार्डे पाहावीत. अर्ध्या तासाचे काम आहे. उपकेंद्रात "बाटली संपली" म्हणाले, तर कधी येणार ती तारीख विचारून घ्यावी.

संध्याकाळी मूल ठेचकाळू लागले, समोरचे ताट चाचपू लागले, डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसासारखा डाग दिसला, तर दृष्ट काढण्यात दिवस घालवू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. बुबुळ मऊ पडून फुटले की नजर परत येत नाही. गोवर किंवा लांबलेल्या जुलाबानंतर तर जास्तच लक्ष ठेवा.

मात्र चुकलेले डोस एकदम देऊ नयेत, बाजारातून आणून वर भर घालू नये. हे जीवनसत्त्व शरीरात साठते, जादा झाले तर बाधते.

आणि डोस म्हणजे जेवण नव्हे. हापूस पेटीत बसून वाशीला जातो, जाऊ दे. रायवळ आहे, पपई, तांबडा भोपळा आहे. पावसात टाकळा बांधावर फुकट उगवतो, शेवग्याचा पाला परसात. भाजीत थोडे तेल किंवा खोबरे हवेच, त्याशिवाय गुण अंगी लागत नाही. जमेल तेव्हा अंडे. ते पाहुण्यांसाठी राखून ठेवण्याची रीत मला कधीच पटली नाही.