आजीला कुणी विचारलं नव्हतं

माझ्या आजीच्या उजव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, तुळशीवृंदावन गोंदलेलं होतं. खाली चौथरा, त्यावर तीन फांद्या आणि भोवती ठिपके. लहानपणी तिच्या मांडीवर बसून मी ते ठिपके मोजायचे. नऊ होते. रंग काळा म्हणावा तर काळा नव्हे, हिरवा म्हणावा तर हिरवा नव्हे. आठ वर्षांची असताना सुगी झाल्यावर गोंदणारीण गावात आली, आईनं हात धरून ओटीवर बसवलं आणि सुया टोचल्या, एवढंच ती सांगायची. वर हळद लावली. गोंदणारणीला जोंधळे आणि एक जुनेर मिळालं. मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, यावर आजीचा पुरा विश्वास होता.

आजीला जाऊन वीस वर्षं झाली. ते वृंदावन आपल्या हातावर घ्यावं, हा विचार माझ्या मनात पाच-सहा वर्षं घोळत होता. गेल्या रविवारी, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मी पहिल्यांदा टॅटू आर्टिस्टला भेटायला गेले. गोंदवून घ्यायला नव्हे, नुसतं बोलायला. या पहिल्या भेटीची तयारी करायला मला महिना लागला आणि तो महिना सत्कारणी लागला असं मला वाटतं.

आधी चित्र हवं होतं. आजीचा एकच फोटो असा, की ज्यात तिचा हात नीट दिसतो. काकाच्या लग्नात ती कुणाचं तरी बाळ घेऊन उभी आहे. तो फोटो मोठा करून घेतला, वर ट्रेसिंग पेपर ठेवला आणि पेन्सिलीनं रेघा उतरवल्या. तीन ठिपके बांगड्यांखाली गेलेत. पण मोजलेले होते म्हणून ठाऊक होतं, कुठे असणार ते.

मग शरीर. मला मधुमेह आहे. साखर ताब्यात नसेल तर जखम भरायला वेळ लागतो आणि टॅटू म्हणजे शेवटी जखमच. म्हणून आधी डॉक्टरांकडे गेले, तीन महिन्यांच्या साखरेचा अहवाल दाखवला आणि त्यांचा होकार घेतला. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, एखादी अ‍ॅलर्जी असेल, तर तेही डॉक्टरांना आणि आर्टिस्टला, दोघांनाही सांगायला हवं. दंडावर बीसीजीच्या लसीचा वण असतो ना, तो फुगून गाठीसारखा झाला असेल तर तुमच्या त्वचेला तशी खोड आहे हे समजून चाला. टॅटूच्या रेघाही तशाच फुगू शकतात. गरोदर बाईनं किंवा अंगावर पिणारं बाळ असलेल्या आईनं थांबावं, हे बरं.

मी दर वर्षी रक्तदान करते. टॅटू केल्यावर वर्षभर रक्त देता येत नाही, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणून भेटीच्या आधीच्या आठवड्यात रक्तपेढीत जाऊन आले. माझ्या भाच्याला सैन्यात जायचंय आणि त्याला दंडावर वाघ हवा होता. सैन्यभरतीत टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी समाजांना त्यांच्या परंपरेनुसार सूट आहे, बाकीच्यांना नाही. दंडावरच्या वाघापायी भरती हुकली असती. हे आधी विचारायचं असतं, नंतर नाही.

आता भेटीबद्दल. आर्टिस्ट अठ्ठावीस-तीस वर्षांची मुलगी. तिनं फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि पहिला प्रश्न विचारला, "काकू, हे केवढं हवंय?"

मी म्हटलं, "लहानसं. इंचभर."

तिनं ट्रेसिंग पेपर माझ्या हातावर ठेवून पट्टीनं मोजलं. म्हणाली, "इंचभरात या रेघा फार जवळ येतील. शाई वर्षांनुवर्षं त्वचेत थोडी थोडी पसरते. दहा वर्षांनी फांद्या एकमेकींत मिसळतील आणि तुम्हाला नुसता डाग दिसेल." मग तिनं फोटोतल्या आजीच्या हातावर बोट ठेवलं. "बघा, ठिपक्यांमध्ये किती जागा सोडलीय. गोंदणाऱ्या बाईला माहीत होतं."

हे मी इतकी वर्षं पाहत आले होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. ठिपके विरळ होते म्हणून तर ते मोजता येत होते. ऐंशीच्या घरातल्या हातावर, सुरकुत्यांमध्येही.

शाई टिकते कशी, हेही तिनं समजावलं. वरची कातडी सतत झडते आणि नवी येते. सुई त्याखालच्या थरात जाते. तिथे शरीराच्या संरक्षक पेशी रंगाचे कण परके समजून गिळतात आणि धरून बसतात. घरी येऊन मी आणखी वाचलं. २०१८ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं, की अशी पेशी मेली की तिच्यातून सुटलेला रंग नवी पेशी उचलून घेते. म्हणजे कायमचं गोंदण मुळात पेशी बदलत बदलत पुढे नेतात. आजीचं वृंदावन मी घ्यावं की नाही, ही माझी द्विधा मनःस्थिती ते वाचल्यावर संपली.

दुसरा प्रश्न तिनं विचारला तो असा, "हे कुणाकडे तोंड करून हवं? हात खाली सोडला की समोरच्याला सुलट दिसावं, की तुम्हाला?" मी याचा विचारच केला नव्हता. तिनं मला उभं केलं, हात सैल सोडायला लावला, मग मनगट वळवायला सांगितलं. कोपराजवळची कातडी वळते, तिथला चौकोन तिरका होतो. म्हणून चौथरा दोन बोटं खाली घ्यायचं ठरलं. तोंड मात्र माझ्याकडे. आजीच्या मांडीवर बसलेल्या मला ती तुळस सुलट दिसायची, म्हणून.

प्रश्न मीही वहीत लिहून नेले होते. सुई दर माणसामागे नवी का? तिनं बंद पाकीट दाखवलं, त्यावर मुदत संपायची तारीख होती. ही पाकिटं माझ्यासमोरच फुटणार. शाई बाटलीतून थेट नाही, छोट्या टोपणांत काढून घ्यायची आणि उरलेली फेकून द्यायची. हातमोजे, खुर्चीवर आणि मशीनवर बदलायचं प्लास्टिक, वापरलेल्या सुया टाकायचा वेगळा डबा, सगळं बघितलं. कावीळ ब आणि क आणि एचआयव्ही हे आजार सुईवाटे पसरतात. जत्रेत एकाच सुईनं दहा जणांचे हात रंगवताना मी डोळ्यांनी पाहिलंय. हे प्रश्न विचारल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडून उठून यावं.

भरलेल्या टॅटूंचे फोटो मागा. सगळ्यांकडे ताज्या, चमकणाऱ्या टॅटूंचे फोटो असतात. वर्ष-दोन वर्षांनी तो कसा दिसतो, तेही आपल्यासारख्या सावळ्या रंगावर, हे खरं कामाचं. फिकट रंग आपल्या कातडीवर दबतात, काळा टिकतो.

देवनागरीत नाव किंवा ओळ लिहून घेणार असाल तर मजकूर स्वतः कागदावर लिहून न्या. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षर फुटतं, पहिली वेलांटी अक्षराच्या भलत्या बाजूला जाते. पाहणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल तर त्याला ते कळणारही नाही. स्टेन्सिल हातावर लागल्यावर ती मोठ्यानं वाचा आणि बरोबर आलेल्यालाही वाचायला लावा. कागदावरची चूक खोडता येते. लेझरनं टॅटू पुसायला अनेक बैठका लागतात आणि तरी पूर्ण जाईलच असं नाही.

पैशांचं मी एकदाच विचारलं आणि घासाघीस केली नाही. आगाऊ रक्कम किती, ती शेवटी वळती होते का, रंग कुठे फिका पडला तर पुन्हा भरायचे वेगळे पैसे का, एवढं स्पष्ट करून घेतलं.

अमेरिकेत सॅम्युएल ओरायलीनं विजेच्या टॅटू मशीनचं पेटंट १८९१ साली घेतलं. आमच्या ओटीवर त्यानंतरही कितीतरी वर्षं हातानंच सुया टोचत होते. पण आजीच्या आणि माझ्या गोंदणातला मोठा फरक मशीनचा नाही. तिला कुणी विचारलं नव्हतं. चित्र रूढीनं ठरवलं, जागा आईनं ठरवली, दिवस गोंदणारणीच्या फेरीनं ठरवला. मला सगळं विचारलं गेलं. विचारलं जाण्याचा हक्क मिळाला की उत्तर शोधायचं कामही आपल्याच अंगावर येतं. पहिली भेट त्यासाठी असते.

तुम्ही जाणार असाल तर त्या दिवशी पोटभर जेवून, पुरेशी झोप घेऊन जा, आणि त्याच बैठकीत सुई लावून घेऊ नका. घरी या. कागदावरचं चित्र आरशाला चिकटवून महिनाभर रोज बघा. तरीही हवंसं वाटलं तरच तारीख घ्या. माझं चित्र सध्या आरशावर आहे. ठिपके नऊच आहेत.