पुस्तकाची उसनवारी



कपाशीची शेवटची वेचणी उरकली, हरभरा घरात आला, तुरीची डाळ करून झाली, की आपल्या बाळापूरकडच्या रात्री जरा मोकळ्या होतात. मृगाला अजून अवकाश असतो. याच दिवसांत या सदराकडे येणारी पत्रे वाढतात आणि त्यांतला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : सध्या काय वाचता, आणि आम्ही काय वाचावे?

या खेपेला एका बहिणीने निराळेच विचारले आहे. मन नदीच्या काठच्या एका गावातून तिचे पत्र आले. तिच्या मुलाने कॉलेजातून ‘बारोमास’ आणले, दोन रात्रींत संपवले आणि आता ‘माय, तू वाच’ म्हणून तो मागे लागला आहे. घरातले थोरले म्हणतात, असली पुस्तके घरात नकोत, आधीच काय कमी आहे? त्या घरातून एक माणूस कर्जापायी गेलेले आहे. वाचू की नको, एवढेच तिला विचारायचे आहे.

ज्यांनी वाचले नसेल त्यांच्यासाठी सांगतो. ‘बारोमास’ ही बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुखांची कादंबरी. 2002 साली निघाली आणि 2004 साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातला एकनाथ एम.ए., बी.एड. झालेला आहे. मास्तरकीसाठी पैसे मोजावे लागतात, ते घरात नाहीत, म्हणून तो शेतात. शेत काही पिकवून देत नाही आणि शिकलेपण काही कामी येत नाही. घरात बाप आहे, भाऊ आहे, बायको आहे, आणि प्रत्येकाचे तोंड वेगळ्या दिशेला. पावसाची वाट पाहणे, बियाण्याची उधारी, सावकार, बाजारातला भाव, यांतले एकही पान आपल्याला परके वाटत नाही. खरी अडचण तीच आहे. शहरातला वाचक ते वाचून हळहळतो आणि पुस्तक कपाटात ठेवतो. आपल्याला ते मिटल्यावरही त्याच घरात झोपायचे असते.

तेव्हा ताई, आमचे उत्तर असे. थोरल्यांचे म्हणणे काळजीपोटी आहे, ते उडवून लावू नका. पण दुःख पुस्तकाने घरात आणलेले नाही. ते आधीपासून घरात आहे आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मुलगा ‘तू वाच’ म्हणतो तेव्हा त्याला बहुधा तुमच्याशी तेच बोलायचे असावे, सुरुवात कशी करावी हे सुधरत नसेल. म्हणून तुम्ही एकट्याने रात्री दिव्याखाली हे पुस्तक वाचू नका. मुलालाच मोठ्याने वाचायला सांगा. रोज दहा-बारा पाने, जेवणे झाल्यावर, सगळे जागे असताना. नको वाटले त्या दिवशी थांबा. पुढचे वाचलेच पाहिजे असा काही नेम नाही. थोरल्यांना ऐकायला बसा म्हणू नका, पण उठून जा असेही म्हणू नका. ते ओसरीवरून ऐकतील.

ही काही नवी रीत नाही. आपल्याकडे पुस्तक वाचायचे म्हणजे एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, असेच होते. चातुर्मासात पारावर किंवा मंदिरात ‘पांडवप्रताप’, ‘हरिविजय’, ‘भक्तिविजय’ लागायचे. वाचणारा एक, अर्थ सांगणारा एक, आणि मधेच ‘थांब बाप्पा, हे पुन्हा वाच’ म्हणणारी एखादी म्हातारी. ‘श्री गजानन विजय’ तर आपल्या भागात अजूनही घरोघर याच रीतीने वाचला जातो. दासगणूंनी 1939 साली रचलेले त्याचे एकवीस अध्याय. बाळापूरकरांना तो आणखी जवळचा, कारण नवव्या अध्यायात आपल्याच गावचे बाळकृष्णबुवा आणि पुतळाबाई भेटतात, दासनवमीसाठी पायी सज्जनगड गाठणारे. आपल्या गावाचे नाव पुस्तकात आले की ऐकणाऱ्याची मान कशी वर होते, ते पाहिले असेलच. मग पोथीला जो मान, त्यातला थोडा कादंबरीला द्यायला काय हरकत आहे?

मोठ्याने वाचायला सर्वांत चांगले पुस्तक कोणते, असे विचाराल तर आमचे मत उद्धव शेळक्यांच्या ‘धग’ला. 1960 सालची ही कादंबरी. शिंप्याच्या घरातली कौतिक ही बाई, तिचा नवरा महादेव, पोरे, आणि खाली खाली जाणारा संसार. संवाद अस्सल वऱ्हाडी. मनातल्या मनात वाचताना ती बोली अर्धीच कळते. मोठ्याने वाचली की घरातली सासू म्हणते, ‘हे त आपल्यासारखंच बोलते वं!’ शाळेत पोरांचे ‘मले-तुले’ खोडून ‘मला-तुला’ करतात. त्या पोरांना हे पुस्तक जरूर ऐकवा. आपण बोलतो ती भाषा अडाण्याची नाही, तिच्यात मराठीतली मोठी कादंबरी लिहिली गेली आहे, हे त्यांना एकदा कळले पाहिजे. गोष्ट मात्र सुखाची नाही, हे आधीच सांगून ठेवतो. कौतिक शेवटपर्यंत झुंजते आणि झिजते.

परतवाड्याला जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनीही ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये आपली बोली आणली आहे. आपली मन पुढे पूर्णेलाच मिळते, म्हणजे आपणही त्या मायचीच लेकरे.

कागलच्या आनंद यादवांचे ‘झोंबी’ 1987 साली आले. ते शाळेत जाणाऱ्या मुलांच्या बापांनी वाचावे. पोराला शाळेत जायचे आहे आणि बापाला तो शेतात हवा आहे, एवढीच झोंबाझोंबी. वाचताना बापाचा राग येतो आणि थोड्या वेळाने त्याची कीवही येते. दुसऱ्या एका पत्रात ‘ज्यांना वाचता येत नाही त्यांनी काय करावे’ असे विचारले आहे. त्यांच्यासाठी आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी आहेत. त्यांना स्वतःला अक्षर येत नव्हते. शेतात, जात्यावर, चुलीपुढे त्या गाणी म्हणत. मुलाने, सोपानदेवांनी, आणि नात्यातल्या एकाने ती वहीत उतरवून ठेवली, म्हणून 1951 साली बहिणाबाई गेल्यावरही गाणी उरली. पुढे आचार्य अत्र्यांनी ती पाहिली आणि 1952 साली त्यांचे पुस्तक निघाले. खानदेशची ती बोली आपल्या कानाला सोपी जाते. वही नसती तर? आपल्या घरातल्या किती आज्यांच्या ओव्या अशाच त्यांच्याबरोबर गेल्या असतील! हातात मोबाईल असलेल्या नातवंडांनी आजीजवळ बसून निदान दहा ओव्या भरून घ्याव्यात. तेही वाचनच समजा.

आता देवाणघेवाणीचे. कित्येकांची तक्रार असते की दिलेले पुस्तक परत येत नाही. गंमत पाहा, शेजारीण वाटीभर साखर नेते ती वाटीभर आणून देते, पायलीची उसनवारी पायलीनेच फिटते. पुस्तकालाच तो नियम का नसावा? एक शंभर पानी वही करा. पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तिथी, परत आल्याची तिथी. संकोच वाटेल, पण दूध डेअरीतही लिटरची नोंद होतेच ना, तिथे कोणी रुसत नाही. पुस्तकाला खाकी कागदाचे वेष्टण घाला. पावसाळ्यात ते भिंतीला टेकवून ठेवू नका, ओल धरते. पेटीत सुकवलेला कडुनिंबाचा पाला घालून ठेवा, धान्याला घालतो तसाच. आणि परत करताना रिकाम्या हाताने जाऊ नका, आपल्याकडचे एक पुस्तक घेऊन जा. पाच घरांची पाच पुस्तके अशी फिरली की प्रत्येक घराची पाच वाचून होतात, खर्च एकाचाच.

वाचनालय असताना हा उद्योग कशाला, असे काही जण म्हणतील. राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 साली झाला, त्याप्रमाणे मान्यता मिळालेल्या ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे दर्जे आहेत आणि सरकारी अनुदान आहे. तुमच्या गावात असे वाचनालय असेल तर वर्गणी भरून त्याचे सभासद जरूर व्हा, आणि हवे ते पुस्तक मागून घ्या. मागणाऱ्याशिवाय पुस्तके येत नाहीत. पण ते उघडे असते तेव्हा आपण शेतात असतो, आणि घरातली सून तिथवर सहसा जात नाही. तिच्याकडे पुस्तक जाते ते हळदीकुंकवाला किंवा भाजी निवडता निवडता, शेजारणीच्या हातून. म्हणून भगिनींनो, ती नोंदीची वही घरच्या कारभाऱ्यापेक्षा तुमच्याच हाती राहू द्या.

या आठवड्याची देवघेव अशी. बाळापूर तालुक्यातल्या एका वाचकाकडे ‘झोंबी’ आहे, त्यांना ‘धग’ पाहिजे. पारसकडच्या एका भगिनीला ‘स्मृतिचित्रे’ हवे आहे, बदल्यात त्या ‘श्यामची आई’ देतील. ‘पूर्णामायची लेकरं’ मागणारे तिघे आहेत, देणारे कोणी नाही. कोणाच्या पेटीत असेल तर कार्ड टाका. आणि मनकाठच्या ताई, तुम्ही कुठवर वाचलेत ते कळवा. मध्येच थांबला असाल, तर तेही कळवा.